जंतू सापडला, वाट सापडली नाही

(कागल पंचतारांकित एमआयडीसीत कामगार, उद्योजक आणि परिसरातील शेतकरी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आज मला विषय दिलाय जिवाणूंचा. संयोजकांना मी फोनवर म्हटलं, "अहो, सूक्ष्मजीवशास्त्राचा माणूस बोलवा की." ते म्हणाले, "सर, तुम्ही इतिहास सांगा. औषध कुठलं मारायचं ते आम्हाला दुकानदार सांगतो." (हशा) हसू नका. या वाक्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

मघाशी इथल्या एका मशीन शॉपमधले सुपरवायझर भेटले. ते सांगत होते, सुट्टीनंतर पहिल्या पाळीला मशीन चालू केलं की कुलंटला कुजकट वास मारतो. त्यांना मी विचारलं, रोज का येत नाही? जिवाणू तर कुलंटमध्ये रोजच असतात. ते म्हणाले, "सर, मशीन बंद असलं की कुलंट फिरत नाही, हवा लागत नाही, मग ते माजतात." अगदी बरोबर. आजच्या व्याख्यानाचा अर्धा मुद्दा त्यांनीच सांगून टाकला. जिवाणू असणं ही एक गोष्ट, आणि त्यांनी बिघाड करणं ही दुसरी. या दोन गोष्टींच्या मध्ये काय घडतं, याचा इतिहास मला सांगायचा आहे. त्यातला मोठा भाग आपल्याच मुलखात घडलाय.

कुंभाराचं गाढव

आपल्याकडच्या नैयायिकांनी 'कारण कशाला म्हणायचं' यावर शेकडो वर्षं वाद घातले. त्यांचं लाडकं उदाहरण मडक्याचं. मडक्याची कारणं कोणती? माती, कुंभार, चाक, काठी. मग कोणीतरी विचारतं, माती ज्या गाढवावरून आणली, ते गाढव कारण आहे की नाही? नैयायिक म्हणतात, नाही. माती डोक्यावरून आणली असती, बैलगाडीतून आणली असती, तरी मडकं झालंच असतं. गाढव तिथे होतं खरं, पण त्याच्यावाचून अडलं नसतं. अशा गोष्टीला त्यांनी 'अन्यथासिद्ध' असं नाव दिलं.

वर्गात हे शिकवताना पोरं हसायची. पण रोगाच्या इतिहासात हा प्रश्न फार महागात पडलाय. ज्याला आपण गाढव समजून बाजूला सारलं, ते चाक निघालं तर? आणि तसंच झालं.

जंतूचा शोध

१८७६ साली जर्मनीतल्या एका खेड्यात डॉक्टरकी करणाऱ्या रॉबर्ट कॉख यांनी जनावरांच्या एका रोगाचा छडा लावला. इंग्रजीत त्याला अँथ्रॅक्स म्हणतात, आपल्याकडे फाशी किंवा काळपुळी. मेलेल्या जनावराच्या रक्तात काडीसारखे जंतू दिसत होते. कॉख यांनी ते बाहेर वाढवले, उंदरांना टोचले, आणि उंदीर त्याच रोगाने मेले. हेही दाखवलं की हा जंतू अडचणीच्या काळात कवचात शिरतो आणि मातीत वर्षानुवर्षं पडून राहतो.

पुढे यातूनच चार कसोट्या ठरल्या. रोग्यात जंतू सापडला पाहिजे. तो वेगळा काढून वाढवता आला पाहिजे. निरोगी प्राण्यात घातल्यावर तोच रोग झाला पाहिजे. आणि त्या प्राण्यातून पुन्हा तोच जंतू निघाला पाहिजे. न्यायालयात पुरावा मांडावा तसं हे काम आहे.

आता आपल्याकडे या. १८८९ साली पुण्यात 'इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' सुरू झाली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख. काम कसलं? माणसांच्या रोगांचं नव्हे, गुराढोरांच्या रोगांचं. साथीच्या रोगांवरचे प्रयोग दाट वस्तीत नकोत म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. आज बरेलीजवळच्या इज्जतनगरला जी मोठी पशुवैद्यक संशोधन संस्था आहे, तिचं मूळ हे. म्हणजे प्लेग येण्याआधी सात वर्षं पुण्यात जंतुशास्त्राची प्रयोगशाळा उघडली होती. हे लक्षात ठेवा.

प्लेग : अर्ध्या ज्ञानाची किंमत

१८९४ साली हाँगकाँगला प्लेगची साथ आली आणि तिथे अलेक्झांडर येर्सिन यांना प्लेगचा जिवाणू सापडला. मेलेल्या उंदरांतही त्यांना तो दिसला. दोन वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे रोगी ओळखले. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली.

जंतू माहीत, लस तयार. मग पुढची दहा वर्षं एवढी माणसं का मेली? कारण जंतू माणसात येतो कसा, हे कोणाला ठाऊक नव्हतं. जंतू घाणीत असेल, जमिनीत असेल, कपड्यांत असेल, रोग्याच्या श्वासात असेल, असे सगळे अंदाज चालले होते. म्हणून मग कार्बोलिकने घरं धुवायची, फरशा उकरायच्या, सामान जाळायचं, माणसं उचलून छावणीत न्यायची.

पुण्यात वॉल्टर रँड यांच्या प्लेग कमिटीने मार्च ते मे १८९७ मध्ये गोऱ्या सोल्जरांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. लोकांच्या देवघरात, स्वयंपाकघरात, बायकांच्या अंगावर हात गेले. २२ जून १८९७ ला चाफेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. हा इतिहास आपण शाळेत शिकतो, पण राजकारण म्हणून. त्याच्या पोटात विज्ञानाचाही एक इतिहास आहे. त्या झडत्यांत माणसं शोधली जात होती. खरा वाहक त्याच घरांत, त्याच फरशीखाली होता, आणि फरशी उकरली की शेजारच्या घरी पळत होता.

त्याच साथीत हडपसरजवळ डॉ. यशवंत फुले रोग्यांवर उपचार करत होते. सावित्रीबाई मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन तिथे आल्या. पुढे त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. मूल वाचलं. कोणाला शिवायचं नाही, हे सरकारी फर्मान सांगत होतं. शिवल्याशिवाय रोगी वाचत नाही, हे त्या बाईंना ठाऊक होतं.

आता गाढवाकडे येऊ. पॉल-लुई सिमों नावाचे फ्रेंच डॉक्टर मुंबईत काम करून कराचीला गेले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. प्लेगच्या रोग्यांच्या अंगावर त्यांना बारीक फोड दिसले होते, पिसू चावल्यासारखे. जून १८९८ मध्ये त्यांनी एक साधा प्रयोग केला. काचेच्या बरणीत पिसवांनी भरलेला प्लेगचा उंदीर ठेवला. जवळच जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर, दोघांचा स्पर्श होणार नाही असा. पहिला उंदीर मेला. काही दिवसांनी दुसराही मेला, प्लेगने. पिसवा नसलेला आजारी उंदीर ठेवला, तर दुसऱ्याला काही झालं नाही. वाट सापडली!

आणि पंडितांनी काय केलं? हसण्यावारी नेलं. हिंदुस्थानात बसलेल्या प्लेग कमिशननेही ती कल्पना नाकारली. पिसू म्हणजे कुंभाराचं गाढव, नाही का? पुढे १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत रीतसर प्रयोग झाले. गिनीपिग पिंजऱ्यात घालून काही जमिनीवर ठेवले, काही दोन फूट उंच टांगले. जमिनीवरचे मेले, टांगलेले जगले, कारण पिसवाची उडी तिथवर पोचत नाही. तेव्हा कुठे ते मान्य झालं. या देशात प्लेगने सगळे मिळून एक कोटीहून जास्त माणसं नेली.

शेजारच्या खोलीत उत्तर होतं

मला या इतिहासात सर्वांत जास्त टोचतं ते पुढचं. सिमोंच्या सात वर्षं आधी, १८९१ मध्ये, अमेरिकेत मर्टन वेट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की नासपतीच्या झाडांना करपवणारा जिवाणू मधमाश्या एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेतात. १८९३ मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी दाखवलं की गुरांचा एक ताप गोचीड पसरवते. तो जंतू जिवाणू नव्हता, पण वाट तीच. झाडांच्या वैद्याला माहीत होतं, गुरांच्या वैद्याला माहीत होतं, की किडा रोग नेतो. माणसांच्या वैद्यांनी त्या खोलीचं दार उघडूनच पाहिलं नाही.

उलटंही झालं बरं का. झाडांना जिवाणूंनी रोग होतो, हे १८८० च्या सुमारास थॉमस बरिल यांनी नासपतीवर दाखवलं होतं. तरी १८९७ साली आल्फ्रेड फिशर या जर्मन शास्त्रज्ञाने ठणकावून लिहिलं की असं होऊच शकत नाही. झाडाच्या पेशीला जाड भिंत असते, जिवाणू शिरेल कुठून? अमेरिकेतल्या एर्विन स्मिथ यांना चार वर्षं पुराव्यांची लढाई लढावी लागली. म्हणजे १८९७ हे वर्ष बघा. पुण्यात जंतू मान्य होता आणि वाट ठाऊक नव्हती. जर्मनीत वाट कळेना, म्हणून एका विद्वानाने जंतूच अमान्य केला.

मलकवालची बाटली

आणखी एक गोष्ट. ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मलकवाल गाव. परळला तयार झालेली हाफकिन यांची लस १०७ जणांना टोचली. त्यातले १९ जण मेले. प्लेगने नव्हे, धनुर्वाताने. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतून टोचलं होतं. हाफकिन यांना निलंबित केलं. त्यांचं म्हणणं, बाटली परळहून शुद्धच गेली होती. तपासात निघालं की गावात बाटलीचं बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता. तो कार्बोलिकमध्ये नुसता बुचकळून पुन्हा वापरला. धनुर्वाताचा जंतू मातीत, शेणात कवच घालून बसलेला असतो. तेवढ्याने तो मरत नाही. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी बाजू घेतल्यावर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. आयुष्याची पाच वर्षं त्यांची गेली. परळच्या त्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचं नाव दिलं, तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट.

एक चिमटा जमिनीवर पडला. तुम्ही कारखान्यात 'मूळ कारण' शोधण्याच्या बैठका घेता ना? ही तशी बैठक झाली असती, तर पहिल्या आठवड्यात उलगडा झाला असता. पण सरकारला माणूस हवा होता, चिमटा नको होता.

आत शिरल्यावर काय करतात?

वाट कळली. आता आत शिरून हे जीव नक्की काय करतात? तीन तऱ्हा सांगतो.

पहिली विषाची. धनुर्वाताचा जंतू जखमेत जिथे हवा पोचत नाही तिथेच बसून राहतो, फार पसरत नाही. पण त्याचं विष मज्जातंतूंतून पाठीच्या कण्यात जातं आणि स्नायूंना 'आता सैल व्हा' सांगणारा निरोप तोडतं. म्हणून शरीर धनुष्यासारखं वाकतं.

दुसरी तुंबवण्याची. हे उसात बघायला मिळतं, त्याकडे लगेच येतो. प्लेगच्या पिसवातही हेच होतं. जिवाणू पिसवाच्या घशाशी गठ्ठा करून बसतात. रक्त पोटात जात नाही, पिसू उपाशी राहते, पिसाळल्यासारखी पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्यात जंतू ओकते.

तिसरी तऱ्हा ऐकून मी स्वतः चकित झालो होतो. प्लेगच्या जिवाणूजवळ एक सुई असते. तो आपल्या संरक्षक पेशींना चिकटतो आणि त्या सुईतून आत अशी प्रथिनं सोडतो की पेशीला त्याला गिळताच येत नाही. १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी झाडांच्या जिवाणूंची जनुकं वाचली आणि पाहिलं, तर तीच सुई! जवळजवळ तसाच साचा. आपल्या डाळिंबावर 'तेल्या' आणणारा झँथोमोनास जिवाणू याच जातीची सुई पानाच्या पेशीत खुपसतो. माणूस आणि डाळिंब यांच्यात काय नातं? पण चोराचं पहारीचं हत्यार एकच.

झाडही गप्प बसत नाही. त्याला आपल्यासारख्या रक्तात फिरणाऱ्या शिपाई पेशी नाहीत. प्रत्येक पेशी स्वतःच शिपाई. शत्रू ओळखला तर ती स्वतः मरते आणि भोवतालची जागा वाळवून टाकते. आग पसरू नये म्हणून आपलंच घर पाडावं, तसं.

आपल्या बांधावर

आता तुमच्या-माझ्या घरी येऊ. इथे कामाला येणाऱ्या बऱ्याच जणांचा घरी ऊस आहे, गोठ्यात एक-दोन म्हशी आहेत.

घटसर्प घ्या. गळा सुजतो, ताप चढतो, घरघर लागते, आणि एक-दोन दिवसांत जनावर जातं. याचा जिवाणू पुष्कळदा धडधाकट जनावराच्या घशातच मुक्काम करून असतो. पावसाळ्याच्या तोंडाला ओल, दमट हवा, कामाचा ताण, चाऱ्याची टंचाई असं सगळं जमलं की उठतो. मी कॉलेजात असताना आमची म्हैस अशीच गेली. लस टोचणारा माणूस दारात आला होता. पेरणीची गडबड होती, वडील म्हणाले, "पुढच्या आठवड्यात या." पुढचा आठवडा म्हशीने बघितला नाही. वडील शेवटपर्यंत म्हणायचे, "दिष्ट लागली." मी तेव्हा त्यांच्याशी भांडायचो. आज वाटतं, भांडण्यापेक्षा दरवर्षी मे महिन्यात लसीची आठवण करून दिली असती तर बरं झालं असतं.

मग ऊस. खोडवा खुरटवणारा एक रोग आहे. तो १९४० च्या दशकात ऑस्ट्रेलियात प्रथम लक्षात आला. कितीतरी वर्षं तो विषाणूचा रोग समजला गेला. १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की उसाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत बारीक जिवाणू बसलेत. बाहेरून काही दिसत नाही. डाग नाही, करपा नाही. फक्त कांडी आखूड, खोडवा दरवर्षी हलका. आपण म्हणतो, "जमीन मेली", "जात बिघडली". आणि हा रोग एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेतो कोण? आपलाच कोयता! आणि रोगी बेणं. इथली पिसू म्हणजे कोयता. उपाय जुना आणि साधा : बेण्याला गरम पाण्याची किंवा उष्ण हवेची प्रक्रिया, शुद्ध बेणे मळा, आणि प्लॉट बदलताना कोयता निर्जंतुक करणं. यातलं शेवटचं काम फुकटात होतं, म्हणून बहुधा कोणी करत नाही.

आणि तेल्या. पानावर, फळावर तेलकट डाग, मग फळ तडकतं. गेल्या पंचवीस वर्षांत सोलापूर, नाशिक, सांगलीच्या डाळिंब पट्ट्यात या रोगाने बागाच्या बागा काढायला लावल्या. २००५ साली सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र झालं. जंतू अनेक दशकांपासून माहीत आहे. वाटही माहीत आहे : रोगी बागेतली गुटी कलमं, पावसाचे उडणारे थेंब, आणि छाटणीची कात्री. ओल्या हवेत तो पानाच्या रंध्रांतून, जखमांतून आत जातो. म्हणून जाणकार सांगतात, पावसाळी बहार टाळा, झाडाला विश्रांती द्या, कात्री बुडवून वापरा, बोर्डो वापरा. पण रोग दिसला की आपण धावतो दुकानात, आणि माणसाला क्षयात देतात त्या जातीचं प्रतिजैविक झाडावर फवारतो. त्याने थोडा दम पडतो. पण वाट उघडीच राहते आणि औषधाला दाद न देणारे जिवाणू मात्र आपण पोसतो.

आता सुरुवातीचं वाक्य. "औषध कुठलं मारायचं ते दुकानदार सांगतो." दुकानदाराला दोष नाही. तो जंतूवर औषध विकतो. वाट बंद करायचं औषध त्याच्या फळीवर नसतं, कारण ते विकता येत नाही. कोयता पुसणं, मे महिन्यात लस, बेणं पारखून घेणं, हे पुड्यात बांधून मिळत नाही. १८९७ साली सरकारने जंतूवर कार्बोलिक ओतलं आणि वाट मोकळी सोडली. आपण आज आपल्या रानात तेच करतोय का, एवढं घरी जाऊन तपासा.



प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : सर, उंदीर पडले की गाव सोडायचं, हे आपल्या जुन्या लोकांना ठाऊक होतं. म्हणजे त्यांना शास्त्रज्ञांच्या आधी कळलं होतं ना?*

चांगला प्रश्न. माझी आजी याच कागल तालुक्यातली. ती वर्षं मोजायची ती 'प्लेगच्या साली' म्हणून. सांगायची, "उंदरं पडाय लागली की माळाला खोपी घालायची, घरात पाय टाकायचा न्हाई." हे बरोबर होतं आणि त्याने माणसं वाचली. पण ती पुढे म्हणायची, "मरीआईचा गाडा फिरतोय." म्हणजे तिला वाटेचा एक तुकडा ठाऊक होता, जंतू नाही. सोल्जराला जंतू ठाऊक होता, वाट नाही. माझी आजी आणि परळचा शास्त्रज्ञ एका जाजमावर बसून बोलले असते, तर पिसू दहा वर्षं आधी सापडली असती. तसं बसायची पद्धत तेव्हा नव्हती. आज आहे का, ते तुम्ही सांगा.